एकोणचाळीस

वाडीतल्या आमच्या दुकानात
संध्याकाळी सातला, गल्ला मोजायच्या आधी
बोटं मोजली जायची.
शिर्के मिस्त्री मेन स्विच खाली ओढायचे,
पट्टा फटफटत पुरता थांबेपर्यंत उभे राहायचे,
मग म्हणायचे, दाखवा.
आम्ही हात पुढे करायचो, भुसा चिकटलेले, सरसाने ताठ.
त्यांची दहा, माझी दहा, केतनची दहा,
अय्यूबचाचांची नऊ.
एकोणचाळीस. बरोबर. जा घरी.

चाचांचं एक सुरतेला राहिलं, कुठल्याशा सॉ-मिलमध्ये.
ते त्या शेठच्या खाती, मिस्त्री म्हणायचे,
आपल्या वहीत नाही.

मी आले तेव्हा प्लास्टिकच्या फाइलमध्ये
आयटीआयची सर्टिफिकिटं होती.
त्यांनी फाइल बघितली नाही, वेणी बघितली.
ही टोपीत घाल. ओढणी उद्यापासून घरी.
खरादाला बाई-पुरुष कळत नाही,
लोंबतंय काय, तेवढं कळतं.

पहिला महिनाभर बटणाला हात नाही.
नुसती पटाशी आणि तेलाचा दगड.
मनगटावरची लव निघेल इतकी धार.
मला वाटलं होतं, भ्यायचं ते धारेला.
पण बोथट पटाशी जोर मागते,
आणि जोर लावला की माणूस विसरतो
आपला दुसरा हात कुठे आहे.
निसटली तर पुढे लाकूड असावं, मिस्त्री सांगायचे,
नाहीतर हवा.
तू नसावीस.

राखीच्या दुसऱ्या दिवशी केतन आला
मनगटावर तीन राख्या घालून.
एक स्पंजच्या फुलाची, एक चमचमती,
आणि डभोईच्या बहिणीचा साधा रेशमी दोरा.
तसाच ड्रिलपाशी उभा राहिला.
काढ.
बेनने बांधलीय, काका. आठमपर्यंत नाही काढायची.
मिस्त्री वाद घालणाऱ्यांतले नव्हते.
झोपाळ्याच्या दांडीचा टाकाऊ तुकडा घेतला,
त्याला सुतळी बांधून टोक मोकळं सोडलं,
लांब पकडीत धरून फिरत्या ड्रिलजवळ नेला.
धड आवाजसुद्धा झाला नाही.
आधी सुतळी गेली, तिच्यामागून दांडी,
आणि भिंतीवर आदळली तेव्हा दोन होती.
पकड सोडायला ते आधीपासूनच तयार होते.

केतनने गाठी दातांनी सोडवल्या.
दिवसभर राख्या कॅलेंडरच्या खिळ्याला.
सातला मोजणी झाल्यावर
मिस्त्रींनीच त्या परत बांधून दिल्या,
खिळ्यावरूनही राखते रे ती, म्हणाले.

खंडेनवमीला सगळी मशीनं पुसून
झेंडू, हळद-कुंकू, पेढा.
पण फ्यूज काढून त्यांच्या खिशात.
फुलं वाहिली म्हणून बटण कुठे जातं?

माझ्यावर ते एकदाच ओरडले.
वीज गेली, गोल करवत घरघरत थांबली,
मी पात्यात अडकलेली फळी काढायला वाकले,
त्यांनी दंड धरून मागे खेचलं.
बटण चालूच होतं.
आणि वीज काही आली नाही.
पाच मिनिटं, दहा मिनिटं.
अंधारात आम्ही दोघं उभे,
त्यांची बोटं माझ्या दंडात रुतलेली,
मला उगाच ओशाळल्यासारखं,
आता येईल, आता येईल, असं.
ती यावी असंच वाटत होतं मला, खरं सांगायचं तर,
त्यांचं खरं व्हावं म्हणून.
शेवटी चाचांनी चाचपडत जाऊन बटण बंद केलं.
दंडावर चार निळे ठसे, आठवडाभर.
पाचवा अंगठ्याचा, मागून.

माघात मिस्त्री गेले. छातीत पाणी झालं होतं.
हॉस्पिटलात चादरीवर हात ठेवलेले,
मी मोजत बसले होते.
नर्सला वाटलं, जप चाललाय.
पूर्ण दहा.

आता मेन स्विच मी ओढते.
दाखवा.
माझी, केतनची, चाचांची.
एकोणतीस.
अय्यूबचाचा हात तसेच धरून उभे राहतात,
बरोबर म्हण ना बेटा, म्हणतात,
शटर अर्धं खाली आलंय.